घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी कनेक्टर कसा निवडावा?

नवी मुंबईतल्या ज्या होतकरू तरुणांना घरीच इमर्जन्सी लाइट किंवा ॲम्प्लिफायर बनवून विकायचे आहेत, त्यांच्यासाठी आम्ही आज एका किरकोळ वाटणाऱ्या भागाविषयी लिहीत आहोत. सर्किट उत्तम असूनही ढिल्या कनेक्टरपायी माल परत येतो आणि नव्या माणसाची बाजारातली पत जाते.

प्रथम करंट पाहावा. १२ व्होल्टवर ६० वॅटचे उपकरण म्हणजे ५ अँपिअर. बोर्डावर लागणारा पांढरा जेएसटी एक्सएच कनेक्टर २२ गेजच्या तारेसह फक्त ३ अँपिअरचा असतो. तो सुबक दिसतो, पण या कामाचा नव्हे. येथे पिवळा एक्सटी-६० घ्यावा. उष्णतेचा हिशेब असा: करंटचा वर्ग गुणिले रोध. पिनेचा रोध ०.०२ ओहम असेल तर ५ अँपिअरला अर्धा वॅट, १० अँपिअरला २ वॅट. करंट दुप्पट, उष्णता चौपट! पिन तापली की पकड सुटते, आणि पकड सुटली की ती आणखी तापते.

ॲडाप्टरचा गोल प्लग बाहेरून ५.५ मिलिमीटर, पण आतले छिद्र २.१ किंवा २.५ चे. २.५ चा प्लग २.१ च्या जॅकमध्ये जातो, मात्र हलता राहतो. म्हणून लॅमिंग्टन रोडला खरेदीस जाताना नमुना खिशात असावा.

काहीजण १२ व्होल्टसाठी घरातलाच टू-पिन प्लग लावतात. हे आम्हाला मुळीच मान्य नाही. ग्राहकाच्या घरी एखाद्या मुलाने तो २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये खुपसला तर काय होईल? बॅटरीच्या बाजूला नेहमी मादी कनेक्टर ठेवावा, म्हणजे उघड्या पिना एकमेकींना टेकणार नाहीत.

ठाणे खाडीची खारी हवा आणि पावसाळ्यातली ओल यांनी उघडे तांबे हिरवे पडते. कथिलाचा मुलामा असलेल्या पिना घ्याव्यात. सोनेरी पिनेला कथिलाची जोडू नये. स्क्रू टर्मिनलमध्ये तारेच्या टोकाला डाग देऊन कसू नये. दाबाखाली कथिल हळूहळू सरकते व स्क्रू सैल होतो. तेथे लग दाबून बसवावा. दाबण्याचे पक्कड चांगलेच घ्यावे, तेथे काटकसर नको.

एकदम शेकडा घेण्याऐवजी आधी दहाच आणावेत. पूर्ण लोडवर तासभर चालवून बोट लावून पाहावे. चटका बसला तर तो माल दुकानदाराला परत करावा.