एफएनपीला अर्ज करण्याआधी

चि. मृणाल हिला,


तुझा मेल वाचला. आयसीयू सोडून एफएनपी (फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर) करायचं म्हणतेस. आधी एवढंच सांग, तुला रात्रपाळी नको आहे की आयसीयूतले पेशंट नको आहेत? एफएनपीचं शिक्षण तान्ह्या बाळापासून नव्वदीच्या आजीपर्यंत सगळ्यांचं असतं, पण ते दवाखान्यातलं, प्राथमिक उपचारांचं. व्हेंटिलेटरपाशीच जीव रमत असेल तर अ‍ॅक्यूट केअरचा अभ्यासक्रम वेगळा आहे. ‘एफएनपी केलं की कुठेही चालतं’ असं तुझ्या मैत्रिणी म्हणतात, त्यावर जाऊ नकोस. पुष्कळ हॉस्पिटलं आता त्या त्या कामाचंच सर्टिफिकेशन मागतात.

दादा विचारत होता, हा अर्धा डॉक्टर होण्याचा कोर्स का? त्याला सांग, १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने नर्स प्रॅक्टिशनरचं शिक्षण सुरू केलं, ते जिथे मुलांना डॉक्टर मिळत नव्हते तिथे नर्सने पोचावं म्हणून. अर्ध्यामुर्ध्याचा तिथे प्रश्नच नव्हता.

डीएनपीची, म्हणजे नर्सिंगमधल्या डॉक्टरेटची, घाई करू नकोस. २०१५ पर्यंत सगळ्यांना ती पदवी लागावी असा ठराव नर्सिंग कॉलेजांच्या राष्ट्रीय संघटनेने २००४ साली केला होता. २०१५ येऊन गेलं, तरी एमएसएन (नर्सिंगमधली मास्टर्स) करून आजही सर्टिफिकेशनच्या परीक्षेला बसता येतं. तू टेक्सासमध्येच राहणार असशील तर हेही लक्षात ठेव, की तिथे डॉक्टरशी लेखी करार असल्याशिवाय प्रिस्क्रिप्शन लिहिता येत नाही. शेजारच्या न्यू मेक्सिकोत तशी अट नाही. पदवी तीच, पण सरहद्द ओलांडली की हात मोकळे.

कॉलेज निवडताना मी नाव आणि फी नंतर बघेन. पहिला प्रश्न विचारेन, प्रिसेप्टर, म्हणजे प्रत्यक्ष पेशंटपाशी हाताखाली घेऊन शिकवणारं माणूस, कोण शोधणार? लेक्चर्स ऑनलाइन होतात, क्लिनिकलचे तास होत नाहीत. २०२२ च्या राष्ट्रीय निकषांनी ते किमान ५०० वरून ७५० वर नेले. कित्येक कॉलेजं प्रिसेप्टर शोधण्याचं काम विद्यार्थ्यांवर ढकलतात, मग मुली ओळखीपाळखीत फोन करत फिरतात, नाहीतर एजन्सीला पैसे मोजतात. हजारोंनी फी घेणाऱ्या कॉलेजाने एवढंही करू नये, याची मला चीड येते. मुलांचे आणि बायकांच्या आरोग्याचे तास मिळवणं सगळ्यात अवघड, ते लेखी विचारून घे.

अभ्यास तुला जड जाणार नाही. पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी आणि असेसमेंट या तीन विषयांचं सगळ्यांना भय असतं, पण आयसीयूवाल्यांचा पाया पक्का असतो. तुला वेगळंच जड जाईल. तुझ्याकडे पेशंट येतो तेव्हा तो आजारी आहे हे ठरलेलं असतं, मॉनिटर बोलत असतो. दवाखान्यात मॉनिटर नसतो. पाठदुखीचे पेशंट रोज येतात, बहुतेक आपोआप बरे होतात. त्यातल्या एखाद्याला लघवी अडलेली असते, बैठकीची जागा बधिर झालेली असते, आणि त्याला त्याच दिवशी इमर्जन्सीत पाठवावं लागतं. तो हे आपणहून सांगत नाही. पंधरा मिनिटांत ते विचारायचं सुचलं पाहिजे, आणि बाकीच्यांना एमआरआय न करता घरी पाठवायचा धीर पाहिजे. हा धीर पुस्तकातून येत नाही, म्हणून प्रिसेप्टरसाठी एवढी अडून बसले आहे.

आपली माणसं तुझ्याकडे येतीलच. त्यांच्यात वजन बेताचं दिसलं तरी साखर निघते. म्हणून आशियाई लोकांसाठी मधुमेहाच्या तपासणीची बीएमआयची रेषा २५ ऐवजी २३ वर ठेवली आहे. ‘काही औषधं घेता का?’ म्हटलं की काकू ‘नाही’ म्हणतात, कारण काढा आणि भस्म त्यांच्या लेखी औषधात मोडत नाही. नाव घेऊन विचार. काही भस्मांत शिसं सापडलेलं आहे. आणि मुलगा दुभाष्या म्हणून बसला असेल तर थोडा वेळ त्याला बाहेर पाठव, काकूंच्या खऱ्या तक्रारी मग सुरू होतात.

अर्ज भरण्याआधी एखाद्या एनपीबरोबर दवाखान्यात दोन-चार दिवस बसून ये, रजा काढावी लागली तरी. मग कॉलेजांची यादी मला पाठव, प्रत्येकापुढे प्रिसेप्टरबद्दल त्यांनी काय उत्तर दिलं ते लिहून. दादाशी मी बोलते.

तुझी,
आत्या