पेशीतील कारभारी

नागपूरच्या आसमंतात उमरेड, कामठी, सावनेर या बाजूंस दगडी कोळशाच्या खाणी आहेत. आपल्या घरी दिवा उजळतो, त्यामागे अशा खाणींतील कामगारांचे श्रम असतात. परंतु खाणीच्या हवेत कोळशाची व दगडाची सूक्ष्म धूळ तरंगत असते. ती वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेली म्हणजे फुप्फुसांत साचते आणि जखमेवर वण धरावा तसे तेथे घट्ट तंतू निर्माण होतात. मऊ, लवचीक फुप्फुस ताठर बनते. चार पायऱ्या चढताच कामगारास धाप लागते. अशा व्याधींचा अभ्यास करणारी खाण कामगारांच्या आरोग्याची राष्ट्रीय संस्था नागपुरातच होती. २०१९ साली ती अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन करण्याचा निर्णय झाला.

हे तंतू नाहीसे करणारे औषध अद्याप सापडलेले नाही. मग उपाय कोठे शोधावा? शास्त्रज्ञ तो पेशीच्या कारभारात शोधीत आहेत.

मुलांनो, चतुर गृहिणी कणगीतील धान्य पाहून खर्च बेतते. कणगी रिती होऊ लागली की ती पक्वान्नाचा बेत पुढे ढकलते आणि आधी मीठभाकरीची सोय पाहते. आपल्या पेशींतही असाच एक कारभारी असतो. त्याचे नाव एएमपीके. तो एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन आहे. एटीपी हे पेशीचे ऊर्जेचे नाणे. ते घटू लागले की हा कारभारी नवी बांधकामे थांबवितो आणि साखर व स्निग्ध पदार्थ जाळून ऊर्जा मिळवावयास लावतो.

ताठर झालेल्या फुप्फुसाच्या रोगट भागात हा कारभारी सुस्तावलेला आढळला. मधुमेहावर १९५७ पासून वापरात असलेले मेटफॉर्मिन हे औषध त्यास जागे करते. अमेरिकेतील अलाबामा येथील शास्त्रज्ञांनी उंदरांच्या फुप्फुसांत मुद्दाम तंतू निर्माण करून त्यांना हे औषध दिले. तेव्हा साचलेले तंतूही विरू लागले, असे त्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केले.

तथापि उंदरांना गुण आला म्हणजे माणसांना येईलच असे नव्हे. धुळीने जडलेल्या रोगावर हा उपाय लागू पडतो, हेही सिद्ध झालेले नाही. म्हणून कोणी आपल्या मनाने असे औषध घेऊ नये. शास्त्रज्ञ धीराने शोध घेत आहेत. तोवर आपण तहान लागल्यावर विहीर खणण्याची चूक करू नये. पाणी मारून धूळ बसविणे, नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधणे व वेळोवेळी छातीची तपासणी करविणे, हे उपाय आजही हाताशी आहेत. जो आपल्यासाठी भूगर्भात उतरतो, त्याचा श्वास जपणे हे साऱ्या समाजाचे कर्तव्य आहे.

स्वाध्याय
१. पेशीतील कारभाऱ्यास गृहिणीची उपमा का दिली आहे?
२. ‘तहान लागल्यावर विहीर खणणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.