सूर बदलता आला असता तर

शास्त्रपाठ : गलतीकरांस पत्र ४:१२-२०

गलतीयातील मंडळ्यांना पत्र लिहिता लिहिता पौल मध्येच थांबतो आणि मनातली इच्छा बोलून दाखवतो. ह्या क्षणी आपण तुमच्याजवळ असतो आणि आपल्याला सूर बदलता आला असता तर किती बरे झाले असते, असा विसाव्या वचनाचा आशय आहे. तेथील मूळ ग्रीक शब्द 'फोने', म्हणजे आवाज. (आपल्या खिशातला 'फोन' ह्याच शब्दापासून आला आहे.) तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी त्याने ह्याच लोकांना बुद्धिहीन म्हटले. चौथ्या अध्यायात तो त्यांना आपली मुले म्हणतो आणि त्यांच्यासाठी प्रसूतिवेदना सोसतो. हे बोल संतापाचे की कासावीस झालेल्या आईचे? शाईला ते सांगता येत नाही.

मोबाईलवर आपण सर्रास पाठवतो ती 'इमोजी' नावाची चित्रे ह्याच उणिवेतून जन्मली. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरील सूचनाफलकावर थट्टेने लिहिलेला मजकूर काही जणांनी खरा मानला. तेव्हा, १९८२ साली, स्कॉट फालमन ह्या संगणकशास्त्रज्ञांनी एक उपाय सुचवला : विनोदापुढे अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि कंस ही तीन चिन्हे लिहावीत. मान कलती करून पाहिले की हसरा चेहरा दिसतो. जपानमध्ये १९९७ साली ९० चित्रे असलेला एक मोबाईल विक्रीस आला, आणि १९९९ साली शिगेताका कुरिता ह्यांनी एनटीटी डोकोमो कंपनीसाठी १७६ चित्रांचा संच सिद्ध केला. प्रत्येक चित्र उभ्या-आडव्या बारा-बारा ठिपक्यांत बसवलेले. इंग्रजी 'इमोशन'शी ह्या नावाचा संबंध नाही; जपानी भाषेत 'ए' म्हणजे चित्र व 'मोजी' म्हणजे अक्षर.

२०१० साली युनिकोडने ह्या चित्रांना आपल्या संकेतावलीत मोठ्या प्रमाणावर स्थान दिले. आपल्या देवनागरी अक्षरांना संगणकात क्रमांक देणारी संस्था हीच. परंतु ती देते क्रमांक आणि नाव. चित्र प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने रेखाटते, आणि अर्थ वापरणारे लोक ठरवतात.

येथे भाषांतरकार सावध होतो. नाकाशी थेंब लोंबणारा एक चेहरा आहे. जपानी चित्रकथांत तो थेंब गाढ झोपेची खूण. इतरत्र लोक त्याला अश्रू समजतात. नाकपुड्यांतून वाफ सोडणाऱ्या चेहऱ्याचे अधिकृत नाव विजयाचे आहे, आपण मात्र त्याला रागाचा मानतो. पवित्र शास्त्रातही असेच घडते. स्तोत्र ४७:१ मध्ये टाळ्या हर्षाच्या आहेत. विलापगीत २:१५ मध्ये वाटसरू उद्ध्वस्त यरुशलेमेकडे पाहून टाळ्या पिटतात, तो उपहास आहे. हात तेच, नाद तोच. नुसता शब्द उतरवून भाषांतर पुरे होत नाही.

जोडलेल्या हातांचे चित्र जपानमध्ये क्षमायाचना, विनंती किंवा आभार दर्शवते. आपल्या देशात तो नमस्कार, आणि मंडळीच्या ग्रुपवर ती प्रार्थना. (तीमथ्याला पहिल्या पत्रात, २:८ येथे, पौल हात वर करून प्रार्थना करावी असे सांगतो, हात जोडण्याची रीत पाश्चात्त्य मंडळीत मध्ययुगात रूढ झाली.) 'माझ्या मुलासाठी प्रार्थना करा' असे एखादी बहीण लिहिते आणि उत्तरादाखल चाळीस जोडलेले हात येतात. त्यांतले किती जण गुडघ्यांवर आले आणि कितींनी फक्त 'वाचले' एवढेच कळवले, हे तिने कसे ओळखावे? कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात एका शेतकऱ्याने जवसाच्या कराराच्या छायाचित्राला उंचावलेल्या अंगठ्याने उत्तर दिले. करार मिळाला एवढेच आपण कळवले, असे त्याचे म्हणणे होते. २०२३ साली न्यायालयाने तो अंगठा संमतीची सही मानला व त्याला भरपाई द्यावी लागली.

माझ्या हातूनही अशी चूक झाली आहे. एका जुन्या सहकाऱ्यांची पत्नी प्रभूमध्ये झोपी गेली. त्यांच्या संदेशाखाली मी डोळ्यांतून अश्रू ओघळणारा चेहरा पाठवला. ते अश्रू अनावर हसण्याचे होते. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०१५ साली 'वर्षाचा शब्द' म्हणून निवडले होते ते हेच चित्र. रात्री मुलीने मला ते दाखवले, तोवर त्यांनी पाहिले होते.

योहान आपल्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या वचनात कागद व शाई बाजूला ठेवतो आणि भेटीला येण्याची आशा व्यक्त करतो. ग्रीक शब्दशः 'तोंडाला तोंड' असे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. क्षमा मागितली. ते काही बोलले नाहीत, फक्त खुर्ची पुढे ओढली. दुपारपर्यंत आम्ही बसून होतो.