चलचित्राचा पहिला पाठ

आंतरजालावर पाठांची चलचित्रे प्रसिद्ध करू इच्छिणाऱ्या नवशिक्या शिक्षकाने दादासाहेब फाळके यांचे उदाहरण ध्यानी घ्यावे. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी त्यांनी कुंडीतील वाटाण्याची वाढ क्रमाक्रमाने टिपून लघुपट केला. तो पाहूनच त्यांना भांडवल मिळाले.

अजिंठ्याच्या शिक्षकाने आरंभी लेण्यांचा मोह टाळावा. तीस लेणी एका चित्रफितीत मावत नाहीत. काचेच्या भांड्यात, कडेलगत मक्याचा दाणा पेरावा. मोबाइल त्याच जागी ठेवून रोज ठराविक वेळी एक छायाचित्र घ्यावे, म्हणजे प्रकाश सारखा राहतो. पुढे ती छायाचित्रे क्रमाने जोडावीत. एरवी डोळ्यांस न जाणवणारी मुळांची वाढ विद्यार्थ्यास दिसली, की पाठ साधला. प्रेक्षकसंख्या दुय्यम होय.