वजन उतरविणाऱ्या शस्त्रक्रियेनंतरचे जीवन

बीदर जिल्ह्यातील ठाणाकुशनूर हे महाराष्ट्राच्या सीमेजवळचे गाव. अशा गावातील एखाद्या अतिस्थूल व्यक्तीने जठरावरील शस्त्रक्रिया करवून घेण्याचे ठरविले, तर तिला हैदराबाद किंवा पुणे यांसारख्या मोठ्या शहराची वाट धरावी लागते. शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते, रुग्ण थोड्याच दिवसांत घरी परततो आणि पुढचे सारे आयुष्य गावातच काढतो. शल्यचिकित्सक दूर राहतो. जवळ असतात ती घरची माणसे, प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर व परिचारिका, आशा कार्यकर्ती आणि रुग्ण स्वतः शिक्षक असेल तर शाळेतील सहकारी. या मंडळींना शस्त्रक्रियेनंतरच्या पथ्याची माहिती नसेल, तर प्रेमापोटी केलेला आग्रह किंवा सद्भावनेने टोचलेली सुईसुद्धा रुग्णास अपाय करू शकते. म्हणून या विषयाची ओळख सीमाभागातील वाचकांस असणे अगत्याचे आहे.

या शस्त्रक्रिया नव्या नाहीत. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली जठराला वळसा देणारी शस्त्रक्रिया प्रथम केली. महाराष्ट्रात हा विषय चर्चेत आला तो २०११ साली. त्या वर्षी श्री. नितीन गडकरी यांनी मुंबईत अशी शस्त्रक्रिया करवून घेतली आणि वृत्तपत्रांतून तिची बरीच चर्चा झाली. आज मुख्यत्वे दोन प्रकार प्रचलित आहेत. पहिल्या प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कायमचा कापून काढतात व उरलेले जठर अरुंद नळीसारखे होते. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे ‘बायपास’मध्ये, जठराच्या वरच्या टोकाशी जेमतेम दोन मोठे चमचे अन्न मावेल एवढी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागास जोडतात. दोन्हींत भूक चेतविणाऱ्या व तृप्ती देणाऱ्या संप्रेरकांतही बदल होतो. बायपासमध्ये त्याखेरीज अन्नातील काही घटकांचे शोषणच कमी होते. आपल्यावर कोणती शस्त्रक्रिया झाली हे रुग्णास व त्याच्या घरच्यांस नेमके ठाऊक असलेच पाहिजे. पुढील पुष्कळसे पथ्य त्यावर अवलंबून असते.

ताटातील क्रम

सीमाभागातील ताटात ज्वारीची भाकरी मुख्य. वरण, भाजी व चटणी तिच्या सोबतीला. शस्त्रक्रियेनंतर हा क्रम उलटा करावा लागतो. जठरात जागाच थोडी उरलेली असल्याने भाकरीचे चार घास आधी घेतले की पोट भरते आणि प्रथिने ताटातच राहतात. प्रथिने कमी पडली म्हणजे चरबीबरोबर स्नायूही झडतात, अंगातील शक्ती जाते आणि पुढे वजन टिकविणे अधिकच कठीण होते. सामान्यतः दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत असा दंडक आहे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधातही जवळपास तेवढीच आणि १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. यावरून ६० ग्रॅमचा हिशेब शाकाहारी माणसाला किती काटेकोरपणे मांडावा लागतो हे ध्यानी येईल. बीदर जिल्हा कडधान्यांसाठी प्रसिद्ध आहे, तेव्हा साधनांची वाण नाही. घट्ट वरण, मोड आलेल्या मुगाची उसळ, सोयाबीन, दही, पनीर आणि खाणाऱ्यांसाठी अंडी वा मासळी हे प्रथम, त्यानंतर भाजी, आणि जागा उरली तरच भाकरी.

घास लहान घ्यावा, तो पुरता चावावा, जेवण वीस-तीस मिनिटे चालावे. ताटाशेजारी पाण्याचा तांब्या ठेवण्याची आपली रीत या रुग्णास मोडावी लागते. जेवताना व त्यानंतर अर्धा तास पाणी पिऊ नये. उरलेल्या वेळात मात्र घोट-घोट करून दीड ते दोन लिटर पाणी पोटात गेले पाहिजे. शिक्षकाला तासिकांच्या मधल्या पाच मिनिटांत गटागटा पाणी पिण्याची सवय असते. ती सोडून बाटली जवळ ठेवणे त्याला भाग आहे. मुख्याध्यापकांनी या गोष्टीस हरकत घेऊ नये.

गूळ, साखर, सरबत व गोड चहा यांविषयी विशेष सावधगिरी हवी. बायपासनंतर गोड पदार्थ एकदम आतड्यात उतरतो. त्यामुळे छाती धडधडणे, घाम सुटणे, पोटात मुरडा, जुलाब व ग्लानी अशी लक्षणे होतात. पाहुण्याच्या घरी चहा नाकारणे हा आपल्याकडे अपमान समजला जातो. तथापि या रुग्णाचा नकार हे औषधच आहे, असे यजमानाने समजावे.

दिसत नाही अशी उपासमार

वजन उतरत असते, माणूस हलका दिसू लागतो, आणि त्याच काळात शरीरातील जीवनसत्त्वे व खनिजे संपत जातात. यांपैकी ब-१२ हे जीवनसत्त्व आपल्या लोकांत मुळातच कमी असते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातील व शहरातील मध्यमवयीन पुरुषांच्या केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६७ टक्के पुरुषांत ते कमी आढळले. अशा माणसाच्या जठराचा मोठा भाग निकामी झाला की उरलेसुरले शोषणही मंदावते. यकृतातील साठ्यावर एक-दोन वर्षे सहज निघून जातात, म्हणून सुरुवातीस काहीच जाणवत नाही. त्यानंतर हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, विसराळूपणा व रक्तक्षय प्रकट होतात, आणि मज्जातंतूंना झालेली इजा पुष्कळदा पूर्णपणे भरून येत नाही. “आता बरे वाटते, गोळ्या कशाला?” हा प्रश्न नेमका याच टप्प्यावर विचारला जातो. ब-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व व सर्व जीवनसत्त्वांची एकत्रित गोळी ही औषधे आजार बरा होईपर्यंत घ्यावयाची नसून आयुष्यभर घ्यावयाची असतात. लोहाची व कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नये, दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. लोहाच्या गोळीवर चहा पिणे म्हणजे ती गोळी वाया घालविणे होय.

सर्वांत तातडीचा धोका मात्र ब-१ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा. त्याचा शरीरातील साठा अवघ्या दोन-तीन आठवड्यांचा असतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत एखाद्यास सतत ओकाऱ्या सुरू झाल्या, अन्न ठरेनासे झाले, तर हा साठा संपतो. डोळे विचित्र हलणे, एकाचे दोन दिसणे, झोकांड्या जाणे, बोलण्यात भ्रम होणे ही त्याची लक्षणे. गावात अशा रुग्णास ‘अशक्तपणा आला’ म्हणून ग्लुकोजचे सलाईन लावण्याची प्रथा आहे. थायमिन न देता ग्लुकोज चढविले तर उरलासुरला साठाही त्या साखरेच्या ज्वलनात खर्ची पडतो आणि मेंदूस कायमची इजा होऊ शकते. म्हणून वजन उतरविणारी शस्त्रक्रिया झालेला रुग्ण ओकाऱ्यांची तक्रार घेऊन आला, तर थायमिनचे इंजेक्शन आधी व ग्लुकोज नंतर, हा क्रम प्रत्येक आरोग्य केंद्राने पाळलाच पाहिजे. घरच्यांनीही सलाईन लावण्यापूर्वी शस्त्रक्रियेची गोष्ट स्पष्टपणे सांगावी. ती लपवून ठेवण्याकडे, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, पुष्कळ कुटुंबांचा कल असतो. ही लपवाछपवी महागात पडते.

आरोग्य केंद्राच्या ध्यानी असावे असे आणखी काही आहे. बायपास झालेल्या रुग्णास अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी औषधे देऊ नयेत, कारण जोडाच्या जागी व्रण होतो, पॅरासिटामॉल चालते. विडी-सिगारेटनेही हाच व्रण होतो. मधुमेह वा रक्तदाब असलेल्या रुग्णाची औषधांची मात्रा शस्त्रक्रियेनंतर झपाट्याने कमी करावी लागते. जुनीच चिठ्ठी दाखवून जुन्याच गोळ्या घेत राहिल्यास साखर एकाएकी उतरून घेरी येते. वजन वेगाने उतरताना पित्ताशयात खडे होण्याचा संभव असतो. बायपासनंतर काही वर्षांनी जरी पोटात तीव्र कळा येऊ लागल्या, तरी आतील आतडे अडकल्याची शंका घेऊन रुग्णास विनाविलंब शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. पोटदुखीचे औषध देऊन वाट पाहू नये.

स्त्रीने शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी. बायपासनंतर तोंडाने घ्यावयाच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही; तांबी हा अधिक भरवशाचा उपाय होय. पुढे ती गरोदर राहिल्यास, सर्व गरोदर स्त्रियांना ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून केली जाणारी साखरेची चाचणी तिला सोसेलच असे नाही. तिची साखर अन्य मार्गाने तपासावी.

उतरलेले वजन टिकविताना

सर्वसाधारणपणे वर्ष-दीड वर्षात वजन तळाला पोहोचते. त्यानंतर थोडे परत चढते, आणि तेवढे चढणे स्वाभाविक मानावे. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या पाहणीत बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले होते. दहा वर्षांनंतर ही घट २५ टक्के उरली. म्हणजे बरेचसे यश टिकले, सर्व टिकले नाही. याच पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्यांचे मृत्युमानही इतरांहून कमी आढळले. विख्यात फुटबॉलपटू दिएगो माराडोना यांची शस्त्रक्रिया २००५ साली कोलंबियात झाली व त्यांचे वजन झपाट्याने उतरले. मात्र २००७ साली मद्यपानामुळे झालेल्या यकृतदाहासाठी त्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले, वजन पुन्हा चढले आणि २०१५ साली पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. बायपासनंतर मद्य रक्तात फार वेगाने चढते. पूर्वीइतकाच पेला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त अंमल करतो. म्हणून दारू वर्ज्यच समजावी.

वजन परत चढते ते बहुधा मोठ्या जेवणाने नव्हे. जठर लहान असले तरी फरसाण, बिस्किटे, गोड चहा, आइस्क्रीम असे पदार्थ थोडे-थोडे दिवसभर सहज उतरतात. आठवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी वजन करून वहीत नोंदवावे. दोन-तीन किलो चढल्याबरोबर कारण शोधणे सोपे असते, पंधरा किलो चढल्यावर नाही. रोजचे चालणे व शेतातील काम स्नायू राखते. एकादशीचा साबुदाणा मात्र या रुग्णास दुहेरी घातक, कारण त्यात पिष्ट भरपूर व प्रथिने नगण्य. निर्जळी उपवास तर करूच नये.

खरी कसोटी शेजाऱ्यापाजाऱ्यांत लागते. काही महिन्यांत चाळीस किलो उतरलेला माणूस पाहून गावात कुजबूज होते, “काही मोठा रोग तर नाही ना?” तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागतात, कातडी लोंबते आणि संशयाला बळ मिळते. केसगळती पथ्य सांभाळल्यास बहुधा काही महिन्यांत थांबते. परंतु घरातील वडीलधारी घाबरून “खा रे, अंगात काही राहिले नाही” म्हणत ताटात वाढू लागतात. रुग्ण एकटाच किती वेळा नाही म्हणणार? शस्त्रक्रियेस जाताना सासू, आई वा पत्नी यांपैकी स्वयंपाक जिच्या हाती आहे तिला आहारतज्ज्ञासमोर बसविले, तर हा प्रसंग बराचसा टळतो.

सणावाराला घराबाहेर बसविण्याचीही गरज नाही. येळवशीला सीमाभागातील कुटुंबे कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा करून शेतातच जेवतात. त्या दिवसाची भज्जी निरनिराळी कडधान्ये व पालेभाज्या एकत्र शिजवून केलेली असते. या रुग्णासाठी त्याहून योग्य पदार्थ शोधून सापडणार नाही. त्याने वाटीभर भज्जी आधी सावकाश खावी, बाजरीच्या उंड्याचा एखादा तुकडा घ्यावा, खीर देवापुढची म्हणून बोटभर चाखावी आणि आंबील अर्ध्या तासाने, घोट-घोट प्यावी.