जहाज-ए-आखिरत : मुंबईची जामा मशीद आणि तिचा हिशेब

श्रीवर्धनहून कापड भरायला आम्ही मुंबईला जातो, तेव्हा मंगळदास मार्केटातला सौदा उरकून जोहरची नमाज शेजारच्या जामा मशिदीत पढतो. कोकणातले बरेच व्यापारी बंधू असेच करतात. हौदावर वजू होते, मासे-कासवे दिसतात आणि पुन्हा गाठोड्यांकडे धाव. पण ही इमारत कशावर उभी आहे, याचा विचार फार थोडे करतात.

ती पाण्यावर उभी आहे. जागा एका कोकणी मुसलमान जहाज-व्यापाऱ्याची होती. त्याने मशिदीसाठी ती देताना एकच अट घातली, तलाव राखायचा. म्हणून तलावावरच मजला चढवला गेला. १७७५ साली सुरू झालेले काम तंट्यांमुळे रखडत १८०२ साली पुरे झाले. तळाशी जिवंत झरे आहेत. वरचा सारा भार काळ्या दगडाच्या १६ कमानी पेलतात. त्या १८७४ सालच्या, तर पायऱ्या व काठ १८९३ सालचे.

मशिदीची तारीख 'जहाज-ए-आखिरत' या शब्दांत बसवली आहे. आमच्या उर्दू शाळेत अब्जदचा हिशेब शिकवीत, तो इथे लावून पाहा. जीम ३, हे ५, अलिफ १, झे ७ : जहाजचे १६. अलिफ १, खे ६००, रे २००, ते ४०० : आखिरतचे १२०१. बेरीज १२१७ हिजरी, म्हणजेच इसवी १८०२. पाण्यावरच्या मशिदीला जहाज म्हणणे दर्यावर्दी जमातीलाच सुचावे!

१८३७ साली कोकणी शेठ मुहम्मद अली रोघे यांनी वरचा मजला चढवला. पुढे मदरसा आणि जुन्या हस्तलिखितांचा कुतुबखाना मशिदीशी जोडला गेला.

कारभाराची गोष्ट मात्र वेगळी. १८३४ पर्यंत सर्व काझींच्या हाती होते. मग जमातीचा विश्वास उडाला आणि नवे कारभारी नेमले गेले. तरी कज्जे संपेनात. अखेर १८९७ साली हायकोर्टाने योजना घालून दिली : जमातीने निवडलेले ११ डायरेक्टर. दुकानात सख्खे भाऊ भागीदार असले तरी रोजमेळ लिहितातच ना? आमच्या माहितीतल्या एका गावी मशिदीच्या गाळ्यांच्या भाड्याची पावतीच फाडत नसत. विचारले तर म्हणत, "अल्लाच्या घरात हिशेब कसला?" दोन गाळे हातचे गेले, तेव्हा कागद शोधू लागले.

पुढच्या खेपेस सौदा लवकर आटोपला तर पूर्वेच्या दरवाजाने आत शिरा आणि हौदाच्या पायऱ्यांवरून कमानी मोजा.