मानेतलं इंजेक्शन: सुई कशावर बघून घालणार, ते विचारा



मानेतून कळ निघते, दंडातून उतरते, बोटांना मुंग्या येतात. अंगठ्याकडे गेली तर बहुधा मानेची सहावी नस, मधल्या बोटाकडे सातवी, करंगळीकडे आठवी. हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं, हीसुद्धा दबलेल्या नसेची खूण. मणक्यांमधली गादी सरकली किंवा हाड वाढलं की असं होतं. अशा वेळी न्हाव्याकडून मान मोडून घेऊ नका, कृपा करून.

बहुतेकांना गोळ्या, व्यायाम आणि काही आठवड्यांच्या धीराने उतार पडतो. नाही पडला तर डॉक्टर नसेजवळ स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवतात. त्याने सूज उतरते, काही आठवडे किंवा महिने आराम मिळतो. सरकलेली गादी मात्र त्याने जागेवर जात नाही.

जपायचं कशाला? मानेत नसेला लागूनच मेंदूकडे आणि मज्जारज्जूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात. काही स्टेरॉइड औषधांत बारीक कण असतात. ते रक्तवाहिनीत गेले तर ती तुंबते, आणि लकवा होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. हे क्वचित घडतं, पण घडलेलं आहे. म्हणूनच 2014 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मणक्यातल्या स्टेरॉइड इंजेक्शनांबाबत इशारा दिला.

तेव्हा मानेत खोलवर अंदाजाने सुई घालू देऊ नका. एक्स-रेच्या सी-आर्म मशीनवर रंगद्रव्य सोडून, सीटी स्कॅनवर किंवा सोनोग्राफीवर सुईचं टोक बघत इंजेक्शन देतात. सोनोग्राफीत रक्तवाहिन्या दिसतात आणि किरणंही लागत नाहीत. डेक्सामेथासोन हे विरघळलेलं, कण नसलेलं औषध आहे. "डॉक्टर, कोणतं औषध देणार? कशावर बघून देणार?" एवढं विचारायला इंग्रजी लागत नाही. मोठा डॉक्टर आहे म्हणून गप्प बसायची सवय मी वॉर्डात फार पाहिली. कागदावर अंगठा उठवायच्या आधी तो वाचून घ्या, नाहीतर पोरीकडून वाचवून घ्या.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, दिवस गेले असतील, ताप असेल, तर आधी सांगा. साखरेचा आजार असेल तर सुईनंतर काही दिवस साखर चढते, ती तपासत राहा.

हातातली वस्तू गळून पडू लागली, चालताना तोल जाऊ लागला, लघवीवर ताबा राहिला नाही, तर सुईची वाट बघू नका. त्याच दिवशी मोठ्या सरकारी रुग्णालयात जा.